वाकडा पाइप

"तुमचं नाव रामनाथ नाबर?" डॉक्टर कुलगोडांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्ही बेळगावात राहता?"

"हो."

"तुमचं नाव गणपत पाटील?"

"हो."

मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवून डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर आत्ता रात्र आहे का?"

"हो," बाबा त्याच जड आवाजात म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते डोळे मिटणं माझ्या ओळखीचं होतं. बाबांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर, इंजिनांच्या खोलीत गेली. घरी पंखा दुरुस्त करताना एखादा स्क्रू हातातून निसटला की ते असेच क्षणभर डोळे मिटायचे. चूक झाली हे त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही. पण हे डॉक्टरांना कसं सांगणार? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि ते माझा भाऊ उल्हासदादा याच्याकडे बघत होते. त्या बघण्यात निकाल होता.

गोष्ट सुरू झाली अठ्ठ्याऐंशी साली. गणपती होऊन गेल्यावर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड उजवीकडे लोंबू लागलं. आणि बोलणं गेलं ते असं, की सगळ्या भाषेतला एकच शब्द उरला, हो. पाणी हवं का, हो. पाणी नको का, हो. मान हलायची तीही होकारार्थीच. चिडून म्हटलेला हो, कंटाळून म्हटलेला हो, 'अगं ते नाही, दुसरं' अशा अर्थाचा हो, हे सगळे मला आवाजावरून ओळखू येऊ लागले होते. पण कोर्टाला आवाज ऐकवता येत नाही.

कोर्टात अर्ज दादाने केला होता. वडिलांना समज उरलेली नाही, तेव्हा त्यांचा पालक म्हणून मला नेमावं, असा. दादा बंगलोरला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्या घराजवळ एक शुश्रूषागृह होतं. तिथे चोवीस तास नर्स, व्यायाम करून घेणारा माणूस, बोलायला शिकवणारी बाई, सगळं होतं. बाबांना तिथे ठेवायचं आणि टिळकवाडीतलं आमचं घर विकून तो खर्च भागवायचा, असा त्याचा बेत. मी विरोध केला. न्यायाधीशांनी डॉक्टरांचा अहवाल मागवला. म्हणून आम्ही तिघं कुलगोडांच्या दवाखान्यात आलो होतो.

दादा वाईट माणूस नव्हता. तो बाबांना ओझं समजत होता असंही नाही. त्याला मनापासून वाटत होतं, की बाबा गेले आहेत आणि मागे जे उरलंय त्याची नीट व्यवस्था लावली पाहिजे.

"डॉक्टर, त्यांना सगळं कळतं," मी म्हणाले.

"कशावरून?"

"परवा आमटीत मीठ घालायचं राहिलं. त्यांनी वाटी सरकवून दिली."

"मॅडम, चव लागणं वेगळं आणि समजणं वेगळं." कुलगोडांचं मराठी कानडी हेलाचं होतं, पण स्वच्छ. "मला त्यांचं एक तरी उत्तर असं पाहिजे, की जे त्यांनी विचार करून दिलं. हो आणि नाहीचा इथे उपयोग नाही, ते मी बघितलं. दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. अंगठा आणि दोन बोटं एकमेकांजवळ आणून ते हवेत काहीतरी धरल्यासारखं करत होते. झटका आल्यापासून पाइप ओढणं बंद होतं, पण हाताची सवय सुटली नव्हती.

"त्यांना पाइप निवडायला सांगा," मी म्हणाले.

दादा म्हणाला, "किशू, काय हे."

"ओढायला नाही. निवडायला. पाइप निवडताना ते इतक्या गोष्टी बघतात, की ज्याला समज नाही त्याला ते जमणारच नाही. चाळीस वर्षं त्यांचं हे ठरलेलं आहे."

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"माझे सासरे पाइप ओढायचे. मिलिटरीत होते. ते वारले, त्यांचे पाइप आमच्याकडे तसेच पडलेत. ते मी आणतो. तुमच्या घरचा एकही नको. आपली वस्तू ओळखणं ही सवय झाली, त्याला विचार लागत नाही." मग ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "आणि आणखी एक. ते कुठला घेणार, कुठला नाकारणार, हे तुम्ही मला आधी सांगायचं. निवडून झाल्यावर अर्थ लावत बसायचं नाही. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. इतक्या खात्रीने मी आयुष्यात फार थोड्या गोष्टींना चालेल म्हटलं असेन.

घरी आल्यावर दादा माझ्याशी बोलेना. संध्याकाळी बाबांना कॉटवर निजवून मी हॉलमध्ये आले तेव्हा तो टेलिफोनच्या टेबलाशी उभा होता.

"गोव्याच्या संस्थेला तू नाही म्हणालीस," तो म्हणाला.

मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि बिनपगारी रजेवर होते. पणजीजवळच्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती. समुद्राच्या पाण्यावर काम होतं. त्यासाठी मी तीन वर्षं धडपडले होते. याच टेलिफोनवरून मी त्यांना येऊ शकत नाही म्हणून कळवलं होतं.

"ते माझं मी बघेन," मी म्हणाले.

"तू चौतीस वर्षांची आहेस. किती वर्षं करणार आहेस हे? दिवसातून चार वेळा त्यांची कूस बदलतेस. तुझी पाठ गेली आहे, मला दिसत नाही का?"

"म्हणून त्यांना परक्या माणसांत टाकू?"

"त्यांना परकं काय आणि आपलं काय." दादाचा आवाज खाली आला. "किशू, ते तुला ओळखतात असं तुला वाटतं. मलाही वाटावंसं वाटतं. पण आज बघितलंस ना? बाहेर रात्र आहे म्हणाले."

मधलं दार उघडं होतं. बाबांची कॉट दारापासून चार हातांवर. पाच महिने आम्ही दोघं असंच बोलत आलो होतो, टेलिफोनवर आणि समोरासमोर, हॉलमध्ये उभं राहून. मी दार लोटलं. बाबांचे डोळे छताकडे होते.

त्या आठवड्यात मला झोप लागेना. मनात सारखी मुंबईची एक दुपार येत होती. मी कॉलेजात असताना बाबा जहाजावरून उतरले होते आणि मी त्यांना आणायला गेले होते. फोर्टात एका पारशी म्हाताऱ्याचं पाइपांचं दुकान होतं. तिथे आम्ही दुपारभर बसलो. म्हाताऱ्याने काउंटरवर पाइप मांडले आणि बाबांनी एकेक नाकारायला सुरुवात केली.

बाहेरचं रूप ते बघतच नव्हते. आधी दांडी फिरवून तंबाखू भरायच्या वाटीपासून वेगळी करायची. ती सहज निघाली तर पाइप बाद, कारण फिटिंग सैल. फार जोर लागला तरी बाद. मग वाटीत डोकावून बघायचं. धुराचं भोक अगदी तळाशी पाहिजे. जरा वर असलं तर खालची तंबाखू ओली राहून कुजते. वाटीवर वॉर्निश असेल तर लाकडाचा श्वास कोंडतो आणि हात पोळतो, म्हणून बाद. दातात धरायचं टोक जाड असेल तर जबडा दुखतो, म्हणून बाद. आत धूर गाळायला धातूची नळी असेल तर तो पाइप ते हातातून खालीच ठेवत.

"साहेब, हा तर लोक मागून नेतात," म्हातारा म्हणाला होता.

"लोकांनी न्यावा. माझा सगळा दिवस धातूच्या नळ्यांत जातो. संध्याकाळी तोंडात आणखी एक कशाला?"

शेवटी म्हाताऱ्याने एक देखणा पाइप काढला, बाकदार, हंसाच्या मानेसारखी दांडी असलेला. बाबांनी त्याला हातही लावला नाही.

"वाकडा नको. बाकात पाणी साचतं. साफ करायची तार तळापर्यंत पोचत नाही. पाइप गुरगुरायला लागतो. वाकडा पाइप फोटो काढून घेणाऱ्यांसाठी असतो."

म्हातारा वैतागून म्हणाला, "साहेब, तुम्ही पाइप घ्यायला आलात की मुलीसाठी स्थळ बघायला?"

"स्थळ तिचं ती बघेल," बाबा म्हणाले. "पाइप माझा मी बघतो."

त्यांनी सरळ, साधा, हलका पाइप घेतला होता. पुढेही घरात जे काही पाइप आले ते सगळे सरळ. त्यामुळे मला भीती बाबांच्या समजेची नव्हती. भीती एवढीच होती, की त्या दिवशी ते दमलेले असले तर? चिडून हातच लावला नाही तर?

ठरलेल्या दिवशी सकाळीच आम्ही दवाखान्यात गेलो. मी बाबांना स्वच्छ सदरा घातला होता. दादाने चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून उचलून घेतली. डॉक्टरांनी मला आधी शेजारच्या खोलीत बोलावलं. तिथे एका टॉवेलवर आठ-नऊ पाइप मांडले होते.

"सांगा," ते म्हणाले.

मी एकेक हातात घेऊन पाहिला. "हा नाही, वॉर्निश आहे. हा नाही, आत धातूची नळी आहे. याचं टोक जाड आहे, हाही नाही. याचं भोक वर पडलंय, पण ते दांडी काढून बघितलं तरच त्यांना कळेल. बाकीचे दोनतीन घेतील किंवा सोडतील. पण हा घेतील." तो काळसर, सरळ, पिसासारखा हलका पाइप होता.

"आणि हा?" डॉक्टरांनी टॉवेलच्या कडेचा एक उचलला. दांडी खाली वळून पुन्हा वर आलेली, वाटी हनुवटीखाली लोंबेल असा.

"हा तर मुळीच नाही."

"नक्की?"

"सगळ्यांत नक्की हेच."

ते मान डोलावून आत गेले.

त्यांनी टेबल बाबांच्या खुर्चीसमोर सरकवलं आणि पाइप मांडले. साफ करायच्या केसाळ तारांची जुडीही शेजारी ठेवली. "नाबरसाहेब, हे माझ्या सासऱ्यांचे. यातला तुम्हाला स्वतःसाठी कुठला पाहिजे तो घ्या. तंबाखू मिळणार नाही. नुसता धरायला." आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही दोघांनी बोलायचं नाही."

बाबा बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. दादा भिंतीला टेकून उभा होता. बाबांचा डावा हात उठला, वॉर्निशच्या पाइपावर गेला आणि त्याने तो टेबलाच्या पार कडेला ढकलून दिला.

मी श्वास सोडला. डॉक्टरांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

दुसरा पाइप त्यांनी उचलला आणि थांबले. दांडी काढायला दोन हात लागतात. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. त्यांनी वाटी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरायचा प्रयत्न केला. उजवा गुडघा साथ देईना, पाइप घसरला. त्यांनी तो पुन्हा उचलला. या वेळी वाटी डाव्या मांडीखाली, खुर्चीच्या गादीत दाबली आणि डाव्या हाताने दांडी फिरवली. ती निघाली. आत धातूची नळी होती. त्यांनी दांडी तशीच टेबलावर टाकली.

डॉक्टर किंचित पुढे झुकले.

जाड टोकाचा गेला. वर भोक पडलेला पाइप त्यांनी तसाच मांडीखाली दाबून उघडला, खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिलं आणि बाजूला केला. मला हसू येत होतं आणि रडूही. मी दादाकडे पाहिलं. तो आता भिंतीपासून सुटा झाला होता.

मग तो सरळ, काळसर पाइप आला. बाबांनी तो हातावर तोलला. अंगठा वाटीवरून फिरवला, दोनदा फिरवला. तार त्यांनी मला खुणेने मागितली, मी ती दांडीत घातली, ती सरळ तळाशी गेली. बाबांनी पाइप डोळ्यांजवळ नेऊन लाकडाच्या रेघा पाहिल्या. झालं, असं मला वाटलं.

त्यांनी तो बाजूला ठेवला. ढकलला नाही, हळूच ठेवला. आणि वाकडा पाइप उचलला.

मी तोंड उघडलं, डॉक्टरांनी हाताने गप्प केलं. बाबांनी तो माझ्यापुढे धरला. मी त्यात तार घातली. बाकातून अडखळत का होईना, ती आत पोचली. त्यांनी पाइप ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरला आणि ते खुर्चीत मागे टेकले. निवड झाली होती.

डॉक्टर टेबलाकडे बघत होते.

"मॅडम, याच्याबद्दल तुम्ही सगळ्यांत नक्की होता," ते शेवटी म्हणाले.

"डॉक्टर, बाकीचे सगळे त्यांनी बरोबर..."

"अर्थ लावायचा नाही, असं ठरलं होतं आपलं."

दादा जवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किशू, पुरे आता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात बाबांनी टेबलावर हात आपटला.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. त्यांनी वाकडा पाइप तोंडातून काढून मांडीवर ठेवला, सरळ पाइप उचलला, डॉक्टरांचं लक्ष आहे ना हे पाहिलं आणि तो दातांत धरला. मग हात सोडला. लांब, सरळ पाइपाचं वजन पुढे ओढलं गेलं, लोंबता ओठ उघडला आणि पाइप निसटून फरशीवर पडला. त्याचं टोक तुटून टेबलाखाली गेलं.

बाबांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वाकडा पाइप दातांत धरला आणि पुन्हा हात सोडला. वाटी हनुवटीपाशी लोंबत राहिली. पडली नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. जहाजावर नव्याने आलेल्या इंजिनिअरकडे ते कसं बघत असतील, हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर वाकले, तुटलेला पाइप उचलला आणि काही वेळ हातात धरून बसले.

"माफ करा, तुमच्या सासऱ्यांचा..." मी म्हणाले.

"राहू दे हो." त्यांनी पाइप खिशात ठेवला. "उल्हासराव, तुमच्या बहिणीने सांगितलं तसंच त्यांनी केलं असतं, तर मी म्हटलं असतं जुनी सवय आहे. पण यांनी आयुष्यभराची आवड बाजूला ठेवली, कारण आता आपला जबडा कसा आहे हे त्यांना माहीत आहे. याला मी समज म्हणणार नाही तर काय म्हणणार?"

दादा बाकावर बसला. तो बाबांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. "म्हणजे आम्ही हॉलमध्ये जे बोलायचो..." तो म्हणाला. "बाबा, ते सगळं तुम्ही..."

"हो," बाबा पाइप दातांत धरूनच म्हणाले.

मी जिंकले होते. मी खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले, घरी न्यायला. पण डॉक्टर उठले नव्हते.

"अहवाल अजून पुरा नाही," ते म्हणाले. "त्यांना कळतं, तर मग त्यांना विचारायला नको का, कुठे राहायचंय ते? इतके दिवस तुम्ही दोघंच भांडताय." त्यांनी दादाकडे हात केला. "त्या शुश्रूषागृहाचं काही आहे तुमच्याकडे? आणि घराचा फोटो?"

दादाच्या फाइलमध्ये दोन्ही होतं. एक रंगीत पत्रक, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेला घराचा फोटो, फाटकावरच्या जाईसकट. डॉक्टरांनी पाइप बाजूला करून दोन्ही बाबांपुढे ठेवले.

"हे तुमचं घर. इथे किशोरीताई तुमचं बघतील. हे बंगलोरचं. इथे नर्स बघतील आणि उल्हासराव जवळ असतील. नाबरसाहेब, कुठे जायचं?"

बाबांनी वेळ घेतला नाही. डावा हात पत्रकावर ठेवला.

"बाबा, नीट बघा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही कागद उचलले, उलटसुलट केले, जागा बदलून पुन्हा मांडले. हात पुन्हा पत्रकावर. त्यांनी फोटो अगदी डाव्या हाताशी आणला आणि पत्रक लांब ठेवलं. बाबांना पुढे वाकावं लागलं, कण्हत ते वाकले, आणि पत्रक ओढून त्यांनी मांडीवर घेतलं.

"त्यांना प्रश्न कळलेला नाही," मी म्हणाले. "रंगीत आहे म्हणून ते..."

"मॅडम." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. "मी काय लिहू? त्यांना कळतं असं लिहू, की कळत नाही असं लिहू? तुम्ही त्यांच्याबरोबर राहता. तुम्ही सांगाल ते मी लिहितो. पण दोन्ही एकदम लिहिता येणार नाही."

दादा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, न हलता. मला एक शब्द उच्चारायचा होता, नाही. नाही, कळत नाही. तेवढ्याने ही निवड पुसली गेली असती, आणि दादाचा अर्ज मी लढत राहिले असते तोवर तरी ते घरी माझ्याजवळ राहिले असते.

"कळतं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी बाबांशी बोलले नाही. दादाने खुर्ची हॉलमध्ये आणून सोडली आणि तो तोंड धुवायला मागे गेला. मग माझा तोल सुटला.

"मी कमी पडले का तुम्हाला?" मी विचारलं. "पाच महिन्यांत एकदा तरी तुम्हाला कंटाळून बोलले? मी तुमच्यासाठी कोर्टात उभी राहिले आणि तुम्ही त्या पत्रकावर हात ठेवता?"

बाबांनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक रेटलं. एकाच चाकाला जोर लागल्यामुळे खुर्ची गोल फिरली. त्यांनी पाय फरशीवर टेकून ती सरळ केली, पुन्हा रेटली. असं करत करत ते टेलिफोनच्या टेबलापाशी पोचले. मी मदतीला गेले नाही, रागात होते. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि माझ्यापुढे धरला.

मला समजायला वेळ लागला. तोवर त्यांनी हात खाली घेतला नाही.

मी रिसीव्हर घेतला आणि जागेवर ठेवून दिला. "गोव्याची जागा आता भरली असेल," मी म्हणाले.

ती खरोखरच भरली होती. दुसऱ्या दिवशी दादाने माझ्याकडून नंबर घेऊन स्वतः चौकशी केली. त्यानेच कोर्टातला अर्ज मागे घेतला. घर विकलं नाही, भाड्याने दिलं. बाबांना बंगलोरला सोडून आले त्या दिवशी मी कुणाचा निरोप नीट घेतला नाही, आणि पुढे दोन महिने त्यांना भेटायला गेले नाही. मी त्यांना नकोशी झाले होते असं नाही, हे मला माहीत होतं. तरी जे मी त्यांच्यासाठी सोडलं ते त्यांनी माझ्या हातात परत ठेवावं, याचा राग जायला बराच काळ लागला. पुढच्या वर्षी गोव्याची जाहिरात पुन्हा आली. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली.

रुजू झाल्यावर पहिल्या सुट्टीत मी बंगलोरला गेले. न कळवता गेले होते. मला वाटत होतं, ते व्हरांड्यात एकटे बसलेले असतील, मला बघून त्यांना भरून येईल, मलाही येईल. प्रवासभर मी तेच डोळ्यांपुढे आणत होते.

ते झाडाखाली कॅरम खेळत होते. समोर एक निवृत्त स्टेशनमास्तर होते, धारवाडकडचे, आणि दोघांमध्ये कशावरून तरी जोरात वाद चालला होता. स्टेशनमास्तर कानडीत भांडत होते, बाबा हो हो करत भांडत होते, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं असं दिसलं. बाबांचा डावा हात स्ट्रायकरवर बऱ्यापैकी बसला होता.

मी जवळ जाऊन हाक मारली. बाबांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, अर्धाच उजळू शकत होता तेवढा. मग त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. राणी भोकाच्या तोंडाशी होती आणि पाळी त्यांची होती. त्यांनी हाताचा तळवा मला दाखवला, थांब जरा म्हणून, आणि नेम धरायला खाली वाकले.

मी बॅग खाली ठेवून बाकावर बसले. त्यांचा डाव संपेपर्यंत मला बसून राहावं लागलं.